आवाज घ्यावा खोली पाहून



बोनसची किंवा फरकाची रक्कम हाती आली, की कष्टकऱ्यांच्या घरात काय घ्यायचे याची चर्चा सुरू होते. एका पिढीने रेडिओ घेतला, दुसरीने टेपरेकॉर्डर, तिसरीने रंगीत टीव्ही. आजच्या मुलांना भिंतीवरचा मोठा टीव्ही पुरत नाही. चित्र एवढे मोठे आणि आवाज मात्र डब्यातून आल्यासारखा का, असे ती विचारतात, आणि त्यांचे चुकीचे नाही. टीव्ही जितका पातळ झाला तितकी त्यातल्या स्पीकरची जागा गेली. आवाज पाठीमागून किंवा खालून निघतो आणि भिंतीला आपटून आपल्यापर्यंत येतो.

त्यातच अनेक कुटुंबांची घरे बदलत आहेत. ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पुनर्वसनाच्या इतर इमारतींतही लोक राहायला जात आहेत. नवे घर म्हटले की नव्या वस्तू आल्या, आणि त्या यादीत ‘होम थिएटर’ हमखास असते. सबब या वेळच्या सदरात सराऊंड साऊंडची खरेदी कशी करावी, कुठे पैसा लावावा आणि कुठे हात आखडता घ्यावा, याचा विचार करू.

उदाहरणादाखल एका सहकाऱ्याचे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवू. घरात पाच माणसे. वडील पाळीची नोकरी करतात आणि आठवड्यातून काही दिवस दिवसा झोपतात. आई एका दवाखान्यात कामाला जाते. मुलगी बारावीला आहे. मुलगा कॉलेजात शिकतो, गेमचा शौकीन आहे. आणि आजी, जिला हल्ली कमी ऐकू येते. हॉल दहा बाय बारा फूट. साठवलेले पैसे पंचवीस हजार. मुलाचे म्हणणे, “काका, एक हजार वॉटचा घेऊ. एकदाच घ्यायचा तर दणकेबाज घेऊ.” आजीचे म्हणणे, “अरे बाळा, माणसं बोलतात ते कळत नाही आणि गाणं लागलं की कान फाटतो. त्याचं काहीतरी बघा.” वडील काही बोलले नाहीत. पण दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल ते सांगायला नको.

सराऊंड म्हणजे काय?

मूळ कल्पना साधी आहे. समोरचा आवाज समोरून, बाजूचा बाजूने आणि पाठीमागचा पाठीमागून यावा. १९७५ साली ‘शोले’ ७० एमएमच्या पडद्यावर अनेक ध्वनिपट्ट्यांसह दाखवला गेला, तेव्हा आपल्याकडच्या सर्वसामान्य प्रेक्षकाने हा अनुभव घेतला. नाणे फेकल्याचा आवाज आला की लोक खुर्चीखाली पाहत, असे जुनी माणसे अजून सांगतात. मुंबईत हा चित्रपट ज्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षे चालला, ते लॅमिंग्टन रोडवर होते. मिनर्व्हा आता राहिले नाही, पण इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार त्याच रस्त्यावर आहे.

पुढे १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटापासून डॉल्बी डिजिटल ही पद्धत आली, १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’बरोबर डीटीएस आली, आणि २०१२ मध्ये ‘ब्रेव्ह’ या चित्रपटापासून डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बी ॲटमॉस ही पद्धत सुरू झाली. थिएटरातले हेच तंत्र हळूहळू घरात आले.

खोक्यावरचे आकडे असे वाचावेत. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पाचांपैकी तीन समोर असतात, म्हणजे डावा, मधला आणि उजवा. दोन बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे. सबवूफर फक्त खर्जाचा, म्हणजे ढोल, स्फोट, इंजिनाची घरघर यांचा आवाज देतो. २.१ म्हणजे समोर दोन आणि एक सबवूफर. ३.१ मध्ये मधला स्पीकर वाढतो. ५.१.२ असे लिहिले असेल, तर शेवटचे दोन म्हणजे छताकडून आवाज देणारे.

यातल्या मधल्या स्पीकरकडे गिऱ्हाईक सहसा लक्ष देत नाही. चित्रपटातले बहुतेक सगळे संवाद याच स्पीकरमधून येतात. म्हणून ज्या घरात वयस्क माणूस आहे, त्या घराने सर्वांत आधी मधल्या स्पीकरची चौकशी करावी. आजीच्या तक्रारीचे उत्तर हजार वॉटमध्ये नाही, ते तिथे आहे.

वॉटचा बाजार

दुकानात सर्वांत मोठ्या अक्षरात वॉट लिहिलेले असतात. हा आकडा दोन तऱ्हेचा असतो. ‘आरएमएस’ म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल ती खरी ताकद. ‘पीएमपीओ’ म्हणजे क्षणभरासाठी, कागदावर दाखवायची ताकद. पीएमपीओचा आकडा कितीही फुगवता येतो, तो पाहूच नये. आरएमएस लिहिले नसेल तर विक्रेत्याला विचारावे. त्याला सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जावे.

आता खरी गोष्ट. वॉट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. वॉट दुप्पट झाल्यावर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढी वाढ कानाला जेमतेम कळते. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा पट वॉट लागतात. म्हणजे १०० ऐवजी २०० वॉट घेण्यासाठी जे जास्त पैसे मोजले, त्यांचा मोबदला किती मिळाला ते पहा. चांगला स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. दहा बाय बाराच्या खोलीत बोलणे आणि गाणी ऐकायला प्रत्येक स्पीकरला एखाद-दोन वॉट लागतात, आणि दणक्याच्या क्षणी दहा-वीस. एवढ्या खोलीसाठी हजार वॉट घेणे म्हणजे दोन माणसांच्या घरात लग्नाचे पातेले आणण्यासारखे आहे.

टेप घेऊन खोली मोजा

खरेदीआधी दुकानात जाऊ नका, टेप घेऊन स्वतःची खोली मोजा. टीव्ही कुठे, बसायची जागा कुठे, दार कुठे उघडते, खिडकी कुठे, विजेचे पॉइंट कुठे, हे कागदावर काढा. ज्या बाजूला भिंत नसून स्वयंपाकघराकडे जायची मोकळी वाट आहे, तिथे खूण करा. त्या खुणेचे काम पुढे पडेल.

स्पीकर कुठे ठेवायचे ते घड्याळावरून लक्षात ठेवा. आपण मधोमध बसलो आहोत आणि टीव्ही बाराच्या आकड्यावर आहे असे समजा. समोरचा डावा स्पीकर अकराला, उजवा एकला. बाजूचे दोन चाराच्या जरा अलीकडे आणि आठाच्या जरा पुढे. टीव्हीपासून सात फुटांवर बसत असाल, तर समोरच्या दोन स्पीकरांत साडेपाच ते आठ फूट अंतर असावे. समोरच्या तिघांची उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी असावी. मधला स्पीकर टीव्हीच्या अगदी खाली किंवा वर ठेवावा आणि त्याचे तोंड ऐकणाऱ्याकडे किंचित वळवावे. कपाटात आत सरकवून ठेवला तर आवाज घुमतो आणि शब्द पुसट होतात.

आपल्या घरांची अडचण अशी, की दिवाण किंवा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. मागे स्पीकर ठेवायला जागा नसते. अशा वेळी ते दोन स्पीकर बसणाऱ्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर, कानाच्या थोडे वर लावावेत. जागा असेल तर सोफा भिंतीपासून फूटभर पुढे घ्यावा. भिंतीलगत खर्ज फार घुमतो. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, एखादे कापडी बैठकीचे आसन असले की उघड्या फरशीवरून उठणारा प्रतिध्वनी बराच कमी होतो. हा उपाय जवळजवळ फुकट आहे, आणि दुकानदार तो सांगणार नाही.

साऊंडबार की सुटे स्पीकर?

आज तीन मार्ग आहेत. पहिला, टीव्हीखाली ठेवायची लांब पट्टी, म्हणजे साऊंडबार. दुसरा, साऊंडबारबरोबर सबवूफर आणि मागचे दोन स्पीकर असलेला संच. तिसरा, रिसीव्हर किंवा ॲम्प्लिफायर वेगळा आणि त्याला जोडायचे सुटे स्पीकर.

साऊंडबार सुटसुटीत असतो आणि वायरी कमी लागतात. पण एकट्या साऊंडबारवर ‘सराऊंड’ लिहिले असेल, तर तो आवाज भिंतींवर आपटवून बाजूने आल्याचा भास करतो. त्यासाठी दोन्ही बाजूंना भिंत हवी. कागदावर मोकळ्या वाटेची खूण केली होती ती यासाठीच. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला मोकळी वाट असेल, तर तो भास अर्धवट राहतो. छताकडून आवाज देणाऱ्या ॲटमॉस साऊंडबारलाही सपाट, कठीण छत लागते. पत्र्याच्या उतरत्या छताखाली त्याचे पैसे वाया जातात.

मागचे खरे स्पीकर असलेला संच सराऊंडचा खरा अनुभव देतो. ‘वायरलेस’ असे लिहिले असले तरी मागच्या स्पीकरांना विजेची वायर बहुधा लागतेच. तिथे पॉइंट आहे का ते आधी पहा.

सुट्या स्पीकरांचा मार्ग सुरुवातीला महाग पडतो, पण पुढे सोयीचा आहे. आज समोरचे दोन घ्यावेत, वर्षाने मधला, मग सबवूफर, मग मागचे. एक बिघडला तर तेवढाच दुरुस्त होतो. साऊंडबारमध्ये एक भाग गेला की सगळी पट्टी सेवा केंद्रात न्यावी लागते. सुटे स्पीकर घेताना त्यांवर लिहिलेला ‘ओहम’चा आकडा ॲम्प्लिफायरला चालतो का ते पाहावे, नाहीतर ॲम्प्लिफायर तापतो. वायर जोडताना लाल टोक लाल कळीला आणि काळे काळ्या कळीला हे चुकवू नये. एका स्पीकरची टोके उलटी लागली तर खर्ज गायब होतो, आणि माणूस उगाच स्पीकरला दोष देतो.

वायर चुकली तर ५.१ चे २ होतात

अनेक घरांत महागडा संच असतो, पण आवाज दोनच वाटांनी येत असतो. कारण जोडणी चुकलेली असते.

ब्लूटूथने टीव्ही आणि साऊंडबार जोडला, तर साधारणपणे डावा-उजवा एवढाच आवाज जातो. जुन्या लाल-पांढऱ्या पिना किंवा हेडफोनची पिन यांतूनही तेवढाच जातो. ऑप्टिकल वायरमधून संकुचित केलेला ५.१ आवाज जातो. सर्वांत सोयीची वाट म्हणजे एचडीएमआय. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची अनेक भोके असतात, त्यातल्या एकावर ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेले असते. साऊंडबारची वायर त्याच भोकात लावायची. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेरचा स्पीकर निवडायचा.

साध्या एआरसीमधून चित्रपटाचा ५.१ आवाज जातो. गेम खेळायच्या कन्सोलचा न संकुचित केलेला अनेक वाटांचा आवाज मात्र त्यातून जात नाही, त्याला ई-एआरसी लागते. ती नसेल तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये आवाजाचा प्रकार ‘डॉल्बी’ असा करावा, किंवा साऊंडबारला स्वतःचे एचडीएमआयचे भोक असेल तर कन्सोल थेट तिथे जोडावा. प्लेस्टेशन ५ ला ऑप्टिकल वायरची सोयच नाही. तेव्हा फक्त ऑप्टिकल असलेला जुना संच स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्याने आधी आपला टीव्ही तपासावा.

आणखी एक गोष्ट. नदीला पाणी नसेल तर मोटर मोठी घेऊन काय उपयोग? बातम्या, जुनी गाणी आणि यूट्यूबवरचे बहुतांश व्हिडिओ दोनच वाटांच्या आवाजात असतात. पाच वाटांचा आवाज मुख्यतः नव्या चित्रपटांत, ओटीटीवरच्या मालिकांत आणि गेममध्ये मिळतो. तिथेही ॲटमॉससाठी काही सेवांची महागडी योजना घ्यावी लागते. आपल्या घरात आठवड्याला काय किती तास पाहिले जाते ते एकदा लिहून काढा. दिवसाचे चार तास बातम्या आणि मालिका, आणि महिन्यातून दोन चित्रपट, असा हिशेब निघाला तर ३.१ पुरेसा आहे.

गेम खेळणाऱ्या मुलांसाठी

गेममध्ये आवाजाचे काम वेगळे असते. पाऊल डावीकडून वाजले की मागून, हे ज्याला आधी कळते तो टिकतो. म्हणून मुलांना सराऊंड हवा असतो, ती केवळ हौस नसते. पण यासाठी सर्वांत स्वस्त आणि बहुतेक वेळा सर्वांत चांगला उपाय म्हणजे वायरचा साधा चांगला हेडफोन.

दिशा ओळखण्यासाठी आपल्याला दोनच कान पुरतात. आवाज एका कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा पोचतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. हेच गणित संगणक करू शकतो. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंडोज सोनिक’ ही सोय फुकट आहे. प्लेस्टेशन ५ च्या हातातल्या कंट्रोलरला हेडफोनची पिन लावली, तर त्याची स्वतःची त्रिमितीय आवाजाची सोय चालते. म्हणून ‘७.१ गेमिंग हेडफोन’ असे छापलेल्या खोक्याला भुलू नये. त्यातल्या बहुतेकांत प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो आणि बाकीचे संगणकाच्या गणितात असतात. ते गणित आपल्याकडे आधीच फुकट आहे.

ब्लूटूथ हेडफोन गेमसाठी टाळावा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाच्या एक-दोन दशांशाने उशिरा येतो. गाणे ऐकताना ते कळत नाही, पण गेममध्ये गोळी आधी दिसते आणि आवाज नंतर येतो. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करावा.

कान पुन्हा मिळत नाहीत

हेडफोनची शिफारस केल्यावर पुढची गोष्ट सांगणे कर्तव्य आहे. कानाच्या आत आवाज पकडणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातले शंभर कोटींहून अधिक तरुण मोठ्या आवाजामुळे बहिरेपणाच्या धोक्यात आहेत. तिने घालून दिलेली मर्यादा अशी : प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. लहान मुलांसाठी ७५ डेसिबल, ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करायचा. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५.

घरात मोजायचे कसे? हेडफोन घातलेल्या मुलाला हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारा. त्याला ऐकू आली नाही तर आवाज जास्त आहे. आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा, तासाभराने कानांना दहा मिनिटे विश्रांती द्यावी. खेळून उठल्यावर कानात शिटी वाजत असेल किंवा कान दाबल्यासारखे वाटत असतील, तर तो इशारा आहे. तसे वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. रेल्वे, पोलीस, सैन्य अशा नोकऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासले जातात. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

आजीचेही तेच. टीव्हीचा आवाज सारखा वाढवावा लागतो याचा अर्थ टीव्ही बिघडला असा नसतो. नवीन वस्तू घेण्याआधी तिचे कान सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावेत. कधी नुसता मळ काढून काम भागते, कधी श्रवणयंत्र लागते. हे न करता मोठा संच आणला, तर आजीला ऐकू येईलच असे नाही, पण शेजाऱ्यांना नक्की येईल.

भिंतीपलीकडेही माणसे आहेत

खर्जाचा आवाज भिंत आणि स्लॅब यांतून सहज पार जातो. आपल्याला संवाद ऐकू येतात, शेजाऱ्याला फक्त ‘धम धम’ ऐकू येते. त्याच्या घरी कुणी आजारी असते, कुणी रात्रपाळी करून आलेले असते, कुणी परीक्षेचा अभ्यास करत असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असू नये, असे नियम सांगतात.

उपाय सोपे आहेत. सबवूफर सामायिक भिंतीपासून दूर, जाड रबराच्या चटईवर ठेवावा. कोपऱ्यात ठेवला तर खर्ज वाढतो, तेव्हा कोपरा टाळावा. रात्री सबवूफर बंद करावा. बहुतेक संचांत ‘नाईट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज वर आणतो. ‘गाणं लागलं की कान फाटतो’ या तक्रारीवरही हेच औषध आहे.

हप्त्याचा हिशेब

‘बिनव्याजी हप्ते’ हा शब्द ऐकला की कागद-पेन्सिल घ्यावी. समजा, संचाची रोख किंमत २२,००० रुपये. हप्त्याने घेतला तर २,००० रुपयांचे १२ हप्ते, म्हणजे २४,०००. वर ५०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये. एकूण २४,५९०. म्हणजे २,५९० रुपये जास्त गेले. वरवर हे बारा टक्के दिसते. पण पहिल्या महिन्यापासून मुद्दल कमी होत जाते, हे धरून हिशेब केला तर व्याज वर्षाला एकवीस-बावीस टक्के पडते. शून्य टक्के व्याजाच्या अशा योजनांत व्याज शुल्काच्या आड लपवले जाते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. म्हणून रोख घेणाऱ्याला किती सूट मिळते हा प्रश्न आधी विचारावा. जी सूट सोडावी लागते तेच खरे व्याज.

आमच्या सहकाऱ्याने काय केले

त्या कुटुंबाने रविवारी सकाळी खोली मोजली. एका बाजूला स्वयंपाकघराची वाट निघाली, म्हणून भासाच्या सराऊंडचा साऊंडबार बाद झाला. आजीचे कान तपासून झाले आणि मळ निघाला. आठवड्याचे तास लिहिले, तेव्हा चित्रपट फार थोडे आणि मालिकाच जास्त निघाल्या. शेवटी मधला स्पीकर असलेला ३.१ संच, ज्याला मागचे दोन पुढे जोडता येतात, तो रोखीने घ्यायचा ठरला. मुलाला वायरचा चांगला हेडफोन मिळाला. मुलगा आधी हिरमुसला होता. पण उरलेले पैसे बहिणीच्या प्रवेश परीक्षेच्या फॉर्मसाठी ठेवायचे, हे त्यानेच सुचवले. रात्री दहानंतर सबवूफर बंद आणि वडिलांच्या झोपेच्या वेळी फक्त हेडफोन, असे दोन नियम आईने टीव्हीशेजारी लिहून लावले.

दुकानात जाताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ, नागपुरात सीताबर्डी, कुठेही जा, पण घाई करू नका. दुकानात मोठ्या आवाजात मारामारीचा प्रसंग ऐकवतात. त्यांना आवाज कमी करायला सांगा आणि बातम्या लावायला सांगा. हळू आवाजात निवेदकाचा शब्द न् शब्द कळला तर संच चांगला. मग एखादे गाणे लावा आणि खर्ज मोजका येतो की सगळे झाकून टाकतो ते पहा. आजी-आजोबांना सोबत न्या. त्यांच्या कानाला पटले तर सर्वांना पटेल.

जीएसटीचे पक्के बिल घ्या, त्यावर वस्तूचा क्रमांक लिहून घ्या. वॉरंटी कुणाची, दुकानाची की कंपनीची, आणि सेवा केंद्र आपल्या शहरात आहे का, हे विचारा. घरी तीन पिनांचा प्लग असेल तर अर्थिंग असलेल्या पॉइंटलाच लावा. पिन मोडून दोन पिनांवर चालवू नका. पावसाळ्यात वीज कडाडत असताना प्लग काढून ठेवा.

वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. बिल मात्र हवेच. बिलाची आजच मोबाइलवर एक प्रत काढून ठेवा, कारण पातळ कागदावरची शाई वर्षभरात उडते.

घरात चांगला आवाज असावा, सर्वांनी एकत्र बसून चित्रपट पाहावा, मुलांनी खेळावे, यात गैर काही नाही. कष्टाच्या पैशाने आनंद विकत घ्यायचा हक्क आपल्यालाही आहे. तो पैसा मात्र खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नये, आपल्या खोलीवर आणि आपल्या माणसांच्या कानांवर खर्च व्हावा. खरेदीला निघण्यापूर्वी हे पान आणि मोजमापाचा कागद सोबत ठेवा. पुढील अंकात मोठा टीव्ही आणि वाढते वीजबिल यांचा हिशेब पाहू.